शेवट सांगणारा आवाज

लाखांदूरची बस साकोलीच्या शेवटच्या घरांना मागे टाकते न टाकते तोच कुंताबाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, आपणच काहीतरी पुटपुटलो. अलीकडे तसं होत असे. भाजी निवडताना, देवापुढे वात लावताना शब्द आपोआप बाहेर पडत, आणि रिकाम्या घरात कोणी दचकायला नसल्यामुळे त्यांनी ते मनावर घेणं सोडून दिलं होतं. पण आता त्यांचं तोंड मिटलेलं होतं. बस लागू नये म्हणून दाढेखाली धरलेली लवंग जिभेला चुरचुरत होती. आवाज मात्र चालूच होता, शांत, गोड, समजावणीचा. शब्द दोनदा म्हणायची तीच सवय. "पोर रडलं तरी बोलू नका, मायांनो. धीर धरा, धीर धरा. तुम्ही एक शब्द बोललात की पोर जिंकलं." कुंताबाईंनी ओठांवर बोट ठेवून पाहिलं. ओठ हलत नव्हते.

तीन माणसांच्या बाकावर त्या कडेला बसल्या होत्या. खिडकीशी तिशीतली एक बाई, आणि दोघींच्या मध्ये सहा-सात वर्षांची मुलगी, केसांना तेल, दोन वेण्या, मांडीवर रिकामे हात. आवाज त्या बाईच्या हातातल्या फोनमधून येत होता. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती आणि आई फोनकडे. फोनवर कुंताबाईंचा चेहरा नव्हता, नुसतं एका पुस्तकाचं चित्र होतं. निळं आकाश, हात जोडून उभं असलेलं एक गोंडस मूल, वर ठळक अक्षरांत लेकरांच्या शिस्तीबद्दल काहीतरी. ते पुस्तक कुंताबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खाली कोपऱ्यात लहान अक्षरं होती, ती मात्र चष्मा न पुसताही वाचता आली, कारण ती त्यांच्याच तोंडची होती. 'अर्धी गोष्ट'. त्यांची जुनी विद्यार्थिनी हर्षा, तिच्या चॅनलचं नाव.

नाव ठेवलं तेव्हा हर्षा म्हणाली होती, "बाई, हे तुमचंच आहे, मी फक्त फळ्यावर लिहून राहिली." आणि ते खरंच होतं. एकोडीच्या शाळेत असताना कुंताबाई दर महिन्याला नवी पुस्तकं आणत, कापडी पिशवीतून, पदरच्या पैशानं. एक गोष्टीचं, एक खऱ्याचं. पोरं तसंच म्हणत, गोष्टीचं आणि खऱ्याचं. शनिवारी शाळा सुटायच्या आधी त्या दोन्हींतलं अर्धं सांगत आणि नेमकं अशा जागी थांबत, की पोरांच्या अंगावर काटा यावा. नाव पाण्याच्या मधोमध आहे आणि वल्हं हातातून सुटलंय. पक्षीण घरट्याकडे परत येतेय आणि घरट्यात काहीतरी हललंय. मग म्हणत, अर्धं मी सांगितलं, अर्धं पुस्तक सांगेल. पोरं पिशवीवर तुटून पडत. निवृत्तीनंतर साकोलीच्या वाचनालयात, टिनाच्या पडवीत, दर रविवारी मोठ्या माणसांसमोरही त्यांनी तेच चालवलं होतं. शिक्षक, दुकानदार, बँकेतल्या बाया, स्पर्धा परीक्षेची पोरं. नवं आलेलं पुस्तक आधी स्वतः दोनदा वाचायचं. एकदा वाचक म्हणून, एकदा ज्याला द्यायचं त्याच्या डोळ्यांनी. न वाचलेलं पुस्तक कोणाच्या हातात द्यायचं नाही, आणि शेवट कोणाला सांगायचा नाही. या दोन गोष्टींखेरीज आपण आयुष्यात फार काही पाळलं असं त्यांना वाटत नसे. उपासही धड पाळले नव्हते.

"आणि शेवटी," फोनमधला त्यांचा आवाज म्हणाला, "सातव्या दिवशी तुमचं लेकरू आपणहून येईल. पाय धरेल. म्हणेल, आई, मी चुकलो. हाच या पुस्तकाचा शेवट आहे, आणि हाच तुमच्या घराचा नवा आरंभ." त्यांच्या आवाजानं शेवट सांगितला होता. इतक्या सहज, वाण्यानं पुडी बांधून द्यावी तसा. एखाद्याच्या घरात चोरी व्हावी, पैसाअडका जागच्या जागी असावा आणि फक्त देवघरातली समई कोणी उलटी ठेवून गेलेलं असावं, तसं काहीतरी वाटलं.

त्या बाईनं फोन बंद केला, डोळे पुसले आणि कुंताबाईंकडे पाहून ओशाळं हसली. "मले नाही जमत वो बाई," ती म्हणाली. "जीव तुटते. पण या मॅडम सांगतात नं, ऐकलं का धीर येते. जीव हरला का मी हे लावतो."

बोललो तर हिला आवाज ओळखू येईल. का कोण जाणे, कुंताबाईंना भीती वाटली. चोरी आपल्या घरी झालेली, आणि आपणच भिंतीआड लपतोय.

"चार दिवस झाले," बाई पुढे म्हणाली. मग हळू, जणू पोरीला ऐकू जाणार नाही, "लबाड बोलली. शाळेतून आली नं म्हणे, बाईनं रंगपेटी आणायले सांगितली. आणून देली. मंग समजलं, बाईनं काहीच सांगितलं नोहोतं. रंगाची पेटी पायजे तं मांग नं, लबाड कायले बोलते? हिचे बाबा म्हणत, दे दोन थापडा. मी म्हटलं नाही, मारायचं नाही. या मॅडम किती वर्षाच्या शिक्षिका आहेत, लेकराले हात नाही लावला म्हणतात कधी. त्यायनं सांगितलेलं पुस्तक म्हणजे चांगलंच असन. मागवलं." तिनं पिशवीतून पुस्तकाचा कोपरा दाखवला. तेच निळं आकाश. "तुमाले ऐकू येते नं बाई? का मौन आहे आज?"

आणि कुंताबाईंनी मान हलवली. हो, मौन आहे. मान आपोआप हलली, जसा खोल पाण्यात पाय सापडेल त्या दगडावर पडतो. बाईनं आदरानं हात जोडले आणि खिडकीबाहेर पाहू लागली. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मधे मधे रचलेले पेंढ्यांचे पुंजणे, एका बोडीच्या, लहानशा तळ्याच्या, काठावर बगळे. मुलगी म्हणाली, "आई, बगळे." आईनं ओठ आत घेतले. मुलगी पुन्हा म्हणाली, "आई, एक उडला." मग स्वतःशीच, उत्तर देणाऱ्याच्या आवाजात, "हो वो, उडला." म्हणजे चार दिवसांत ती हे शिकली होती. दोघींचं बोलणं एकटीनं बोलायचं.

कुंताबाईंच्या डोळ्यांसमोर दुसरी एक मुलगी येऊन बसली. एकोडीच्या त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर, पावसात भिजून आलेली, गावातल्या श्यामरावांची हर्षा. दुसरीत होती आणि अजून जोडाक्षरांना अडखळत होती. "बाई, सांगा नं, ते वाचली का मेली?" नावेतल्या मुलीबद्दल विचारत होती. कुंताबाईंनी सांगितलं नाही, पुस्तक हातात दिलं. "मले येत नाही." "येईल." आणि हर्षा ओल्या बोटानं एकेक अक्षर दाबत वाचू लागली, जणू बोट काढलं तर अक्षर पळून जाईल. अडली की वर बघे. कुंताबाई काही बोलत नसत. थांबत. चुलीवर भात करपला तरी थांबत, कारण अडलेल्या पोराच्या तोंडात आपण शब्द घातला की तो शब्द कायमचा आपला राहतो, त्याचा होत नाही. दिवेलागणीला हर्षा शेवटच्या पानावर पोचली आणि रडली. मुलगी वाचली होती, तरी रडली. असं रडणारं पोर शिक्षकाला एकदाच मिळतं. मग ती वाढली, नागपूरला शिकली, साकोलीत परत आली. टाळेबंदीत वाचनालय बंद पडलं, तेव्हा पुस्तकांच्या चवडीवर फोन टेकवून म्हणाली, "बाई, इथं बघा, आणि रविवारसारखं बोला." पहिल्यांदा कुंताबाईंना फोनसमोर बोलणं विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटलं. पण हर्षा फोनच्या मागे बसे, हनुवटी गुडघ्यावर टेकवून, आणि त्या तिलाच सांगत. तिच्या डोळ्यांकडे बघून थांबायची जागा ठरवत. वाचनालय पुन्हा उघडलं तरी ते चालूच राहिलं, पण स्वतः कुंताबाईंनी चॅनल कधी लावून ऐकलं नव्हतं. या कितीतरी रविवारांत आपण लोकांशी बोललोच नाही, एका मुलीशी बोललो, असं आता त्यांना वाटलं. आणि ती मुलगी त्या वेळी आवाज साठवत होती.

सानगडीला बस थांबली. वाहक चहाला उतरला. कुंताबाई उतरल्या, पानठेल्याच्या मागे गेल्या आणि फोन लावला.

"बोला बाई. पोचल्या का लाखांदूरले शकुनमावशीकडे?" हर्षा हसून म्हणाली.

"हर्षा, लेकरांच्या शिस्तीचं ते निळं पुस्तक. त्याबद्दल मी कधी बोलले?"

"मी सांगणारच होती तुमाले."

"मी कधी बोलले?"

"तुमी नाही बोलल्या, बाई. आवाज बनवता येते आता. तुमचे इतके रविवार होते माझ्याजवळ, ते मशीनले ऐकवले, ते शिकली. आपण लिहून द्यायचं, ते तुमच्या आवाजात बोलते." मग घाईनं, "वाईट नोका वाटून घेऊ. तुमी महिन्यातून दोन पुस्तकं वाचता. तेवढ्यात चॅनल नाही चालत. लोकायले रोज पायजे. अन् माझ्या आवाजात कोणी ऐकत नाही, मी करून पाह्यलं. तुमच्यावर भरवसा आहे लोकायचा."

"तू वाचलंस ते पुस्तक?"

हे विचारताना कुंताबाईंना उत्तर माहीत होतं, आणि तरी त्यांनी वाट पाहिली. पानठेल्यावाला पानावर चुना ओढत होता. एक कुत्रं त्यांच्या पायाशी येऊन, हुंगून, निघून गेलं.

"वाचायले वेळ कुठं भेटते, बाई," हर्षा म्हणाली. "प्रकाशकाकडून मजकूर येते लिहून. चांगलं असन म्हणून तं छापलं असन नं त्यायनं."

"आणि शेवट? शेवट का सांगितलास?"

"लोक अर्ध्यातून निघून जातात. शेवटपर्यंत थांबले पायजेत." मग खालच्या आवाजात, आणि ते सगळ्यांत वाईट होतं, कारण त्यात बढाई नव्हती, नुसतं नवल होतं, "तीन महिने झाले, बाई. एकानंही नाही विचारलं. वाचनालयातले सारेच ऐकतात. चंद्रकांताबाई, टिकाराम सर. मॅडम शेवट कशा काय सांगून राहिल्या, असं एकानंही नाही."

कुंताबाईंनी फोन बंद केला. हर्षाचं वाक्य मधेच तुटलं. टिकाराम सर पुढच्या रांगेत बसत. चंद्रकांताबाई तर डोळे मिटून ऐकत, म्हणत, कुंताबाई, तुमी थांबता तिथं माझं घर आहे. तीन महिने त्यांनी डोळे मिटून दुसऱ्याच कोणाला ऐकलं होतं आणि त्यांना घर सापडलं होतं. गेल्या महिन्यात त्याच बाईंनी हात धरून म्हटलं होतं, "आजकाल फार छान सांगून राहिल्या तुमी." आणि आपण लाजलो होतो. मशीनच्या कौतुकानं आपण लाजलो. ही आठवण इतकी उघडीवाघडी होती, की कुंताबाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. हर्षानं आवाज नेला, हे एक. पण मग त्या सगळ्यांनी इतकी वर्षं ऐकलं ते काय? नुसता सूर? आईच्या लुगड्याचं बोचकं करून पाळण्यात ठेवलं तरी पोर झोपतं, तसं?

बस सुटायची घंटी झाली. त्या जागेवर येऊन बसल्या. मुलगी म्हणत होती, "आई, पाणी." आईनं न पाहता बाटली पुढे केली. झाकण घट्ट होतं. मुलीनं जोर लावला, दातांनी उघडून पाहिलं, आईकडे पाहिलं. आई बाहेर पाहत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. तिच्या अंगठ्यानं फोन चाचपला. आता ती मला लावेल, कुंताबाईंच्या मनात आलं. आता मी तिला सांगेन, धीर धरा.

"आण बाळा इकडे," कुंताबाई म्हणाल्या.

बाईची मान झटक्यात वळली. तिचा चेहरा उजळला, अगदी देव भेटावा तसा, आणि दुसऱ्याच क्षणी गोंधळला. "मॅडम? तुमी... अर्ध्या गोष्टीवाल्या मॅडम?"

"कुंताबाई म्हणतात मला." त्यांनी झाकण उघडून बाटली मुलीला दिली. "तुमचं नाव काय?"

"रिता जी."

"रिताबाई, ते पुस्तक मी वाचलेलं नाही. त्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. तो आवाज बनवलेला आहे, मशीननं. मी कधी सांगणार नाही असं. पोरीशी बोला तुम्ही."

रितानं पुस्तकाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, कुंताबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. चार दिवसांचं ओझं कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं. कुंताबाईंना ते दिसत होतं. जर यांचं खरं, तर हे चार दिवस कोणाचे? "आवाज तुमचाच आहे," ती शेवटी म्हणाली. "मी किती डाव ऐकला. हा काय, आतापण तोच आहे."

"तोच आहे. पण मी नाही."

"कोणी नावं ठेवली असन आता. म्हणून पलटून राहिल्या तुमी." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचे डोळे बारीक झाले. "अन् मघा मौन होतं नं तुमचं? मान हालवली होती. तं लबाडच बोलल्या तुमी."

एवढ्या मोठ्या खोट्यापुढे आपलं खरं उभं करायला आपल्याजवळ एकच गोष्ट होती, आपला शब्द. तो आपण अर्ध्या तासापूर्वी, भ्यायलो म्हणून, एका मानेच्या हालचालीत खर्चून टाकला होता. "हो," कुंताबाई म्हणाल्या. "ते लबाड होतं."

रिता खिडकीकडे वळली. ती पुढे काही बोलली नाही. रागानं नाही. पाठ ताठ करून, ओठ आत घेऊन, ठरवून. कुंताबाईंना समजायला क्षण लागला, की पुस्तकात सांगितलंय तेच आता त्यांच्याशी चाललंय. आत कसं वाटतं ते त्यांना कळलं. वर्गाबाहेर काढलेल्या पोराला वाटतं तसं नव्हे. वर्ग आत चालूच आहे, हजेरी घेतली जातेय, आणि आपलं नाव येत नाही.

दोघींच्या मधली मुलगी पाणी पिऊन झालं तरी बाटली तोंडाला लावून बसली होती. बाटलीच्या वरून तिचे डोळे एकदा इकडे, एकदा तिकडे गेले. मग तिनं बाटली खाली केली.

"तुमीबी लबाड बोलल्या?"

"हो."

"कायले?"

"भेव वाटलं."

तिला ते पटलं. तिनं मान डोलावली. "आता तुमच्यासंगं कोणी नाही बोलणार."

"नाही."

जंगलाचा एक तुकडा आला आणि गेला, सागाची मोठी पानं उन्हात धुळीनं पांढरी झालेली. "मी बोलतो," मुलगी म्हणाली.

आणि ती बोलू लागली. चार दिवस साठलेलं होतं. रंगपेटीत बारा रंग आहेत, पण बगळ्याचा रंग नाही. पांढरा खडू आहे, तो कागदावर दिसत नाही. मग बगळा कसा काढायचा? कुंताबाई म्हणाल्या, "आजूबाजूला आभाळ रंगव. मधे बगळ्याएवढी जागा कोरी सोड." मुलगी हसली. ही तिला गंमतच वाटली. रिताच्या हातातला फोन चालू झाला. ती आवाज वाढवत होती. "पोर दुसऱ्याशी बोलू लागलं तरी तुम्ही डगमगू नका, मायांनो," कुंताबाईंचा आवाज म्हणाला. "धीर धरा, धीर धरा. आणि शेवटी..." तिथे तो बंद झाला. रितानं फोन पालथा करून मांडीवर दाबून धरला. नंतर तो चालू झाला नाही.

दिघोरीला त्या दोघी उतरल्या. रितानं कुंताबाईंकडे पाहिलं नाही. पुस्तक पिशवीतच राहिलं. बसच्या काचेतून दिसलं ते एवढंच, की मुलगी वर बघून काहीतरी विचारतेय, हातांनी मोठं आभाळ दाखवतेय, आणि आईची पावलं थांबली आहेत. ती बोलली की नाही ते कुंताबाईंना कळलं नाही. बस वळली.

पर्समध्ये फोन थरथरत होता. सानगडीपासून तो थांबून थांबून थरथरतच होता, हे त्यांना आता जाणवलं. पडद्यावर हर्षाचं नाव. वाजू द्यावा, असं फार वाटलं. सात दिवस वाजू द्यावा. येईल, पाय धरेल. लवंग केव्हाच चावली गेली होती आणि तोंड कडू झालं होतं. त्यांनी फोन कानाला लावला.

"रविवारी ये," त्या म्हणाल्या. "ते पुस्तक घेऊन ये. पडवीत सगळ्यांसमोर बसून तू वाचायचं, पहिल्या पानापासून. मी शेजारी आहे. आणि मग ते कसं आहे ते तूच सांगायचं. तुझ्या आवाजात."

"बाई, चॅनल बुडन माझं."

कुंताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लोक मले काय म्हणतीन? टिकाराम सर... सारेच राहतीन तिथं. बाई, मले..."

ती अडली. फोन कानाला तापू लागला होता. बाहेर मोकळ्या बांध्या, पुंजण्यांच्या लांबत चाललेल्या सावल्या, लाखांदूर अजून आलं नव्हतं. पुढचा शब्द कुंताबाईंच्या जिभेवर होता. त्यांनी तो दिला नाही. त्या थांबून राहिल्या.